रकाना

नगरपंचायतीत माझ्या खिडकीशी दोन वह्या असतात.
डावीकडे जन्म, उजवीकडे मृत्यू.
डावीकडचे कुंद्याचा पुडा घेऊन येतात,
"देवानं दिलं," म्हणतात, आणि सुट्टे मागायचे विसरतात.
उजवीकडचे सुट्टे मोजून घेतात.
डॉक्टर उशिरा आला म्हणतात, रस्ता खराब म्हणतात,
नशीब म्हणतात, हणेबरह म्हणतात.
देवाचं नाव निघत नाही.

खानापुरात पाटी कुठल्या भाषेत असावी
यावर डोकी फुटलेली मी पाहिलीत.
पण या हिशेबात दोन्ही भाषांचं एकमत आहे:
जमा देवाच्या खात्याला,
नावे, जो सापडेल त्याच्या.

अहेव पुनवेला डोंगरावरून परतताना
इटगी क्रॉसच्या पुढं टेम्पो उलटला.
पंधराजण होते. चौदा उठून उभे राहिले
अंगावरचा भंडारा झटकत.
आठवड्यात गावात बॅनर लागला,
चौदा फोटो, वर यल्लम्माचा मोठा,
खाली: आईने पदर घातला.

पंधरावी मलप्रभा परसराम गावडे, वय नऊ.

महिन्यानं तिची आई आली दाखल्याला.
नाव यल्लूबाई. तेही त्याच डोंगरावरून मागून आणलेलं.
कागद उलटासुलटा पाहिला,
"वाचून दावा की वो."
मी वाचलं. मरणद कारण: वाहन अपघात, डोक्याला मार.

"अपघात चौदाजणांचाबी झाला की.
त्यांना आईनं वाचवलं, सगळा गाव म्हणालाय.
म्हणजे ती तिथं होती न्हवं?
टेम्पोत होती, नायतर रस्त्याला उभी होती.
जागी होती.
मग माझ्या पोरीच्या कारणात ती कशी नाही?"

म्हटलं, बाई, ड्रायव्हरला डुलकी लागली होती.

"डुलकी डायवरची, आणि हात आईचा.
बरं वाटून घेतलासा.
किती वार होता तो पदर? चौदाजणांवरच संपला?
नऊ वर्षांच्या पोरीला किती लागतोय हो पदर.
थंडीला माझ्या फाटक्यात मावत होती ती,
पायासकट."

मागं रांगेतला एकजण म्हणाला,
"असं बोलू नये मावशी. आवडती होती, म्हणून नेली तिनं."
ती वळली. "मग तू नावडता काय रे?"
रांग हसली.
मग कुणी कुणाकडं पाहिना.

मी अर्ज पुन्हा चाळला, उगीच, हाताला काम म्हणून.
त्यात सगळं विचारलेलं आहे.
उपचार मिळाले का. सिगारेट ओढत होती का, किती वर्षं.
तंबाखू, सुपारी, दारू.
नऊ वर्षांच्या मुलीपुढं मीच भरलेल्या
एकाखाली एक फुल्या.
त्या वेळी कोण हजर होतं,
एवढंच विचारलेलं नाही.

"नाव घालता येत नाही," मी म्हणालो. "नियम नाही."
"घालू नका. मला काय कोर्टात जायचंय?"
तिनं कागदाची घडी केली, घडीची घडी केली,
आणि कमरेच्या पिशवीत सारली, जिथं भंडाऱ्याची पुडी होती.
पुडी तिनं काढून टाकली नाही. मी पाहत होतो.
पायरी उतरताना गुडघा दुखला असावा,
"आई गं," म्हणाली,
आणि तिथंच थांबली,
हाक कुणाला गेली ते न कळून.

पुढचा माणूस डावीकडचा होता.
मुलगा, तीन किलो, दोघंही सुखरूप,
"देवाची कृपा, साहेब," आणि पुडा खिडकीतून आत.
मी नाव लिहिलं, तारीख, वेळ, आईचं वय.
सव्वीस वर्षं ही वही भरतोय,
त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं:
जन्माला कारणाचा रकानाच नाही.

कुंदा ताजा होता.
खाल्ला मी.